हिशेब लिहायचा कुठे?

महिन्याची 20 तारीख उलटली की होस्टेलमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "अरे, पैसे गेले कुठे?" मलाही हाच प्रश्न पडायचा. गेल्या सेमिस्टरला मी रूममेटकडून सातशे रुपये उसने घेतले आणि चक्क विसरलो. त्याने मागितले नाहीत. पण परीक्षेच्या फॉर्मची फी भरायला तो दुसऱ्यांकडे पैसे मागत फिरतोय हे कळलं, तेव्हा माझी मान खाली गेली. ठरवलं, आता हिशेब ठेवायचा.

आधी मोबाईलवर अ‍ॅप घेतलं. बारा-पंधरा रकाने, रंगीत आलेख! चार दिवस मजा आली, पाचव्या दिवशी विसरलो. मग एक्सेल. इंजिनीअर ना आपण! फॉर्म्युले बसवण्यात रविवार गेला, रोज आकडे भरायला कोण बसणार? काही जण म्हणतात, यूपीआयमध्ये नोंद आपोआप होतेच की. होते, पण टपरीवाल्याला दिलेल्या साठ रुपयांत माझा चहा किती आणि मित्रांचा किती, हे ती सांगत नाही. रोखीचा खर्च तिच्यात येतच नाही आणि उसने घेतलेले पैसे नुसते 'जमा' दिसतात!

उपाय सापडला तो वटारला, आजीच्या स्वयंपाकघरात. भिंतीवर कालनिर्णय आणि खिळ्याला दोरीने बांधलेलं पेन. दूध किती, केळी किती गेली, कोणाकडून किती यायचेत, सगळं त्या त्या तारखेच्या चौकोनात. लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही, म्हणून तर तिचा नेम मोडत नाही.

गांधीजीसुद्धा लंडनमध्ये शिकताना बसभाडं, टपालखर्च लिहून ठेवत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलंय.

म्हणून माझं मत असं, की खिशात मावेल अशी वही घ्या. रकाने चारच: खाणं, प्रवास, अभ्यास, इतर. उसनवारीसाठी शेवटचं पान. रात्री शिल्लक मोजा. जुळली नाही तर फरक 'इतर'मध्ये टाका आणि झोपा. एक दिवस चुकला म्हणून वही फेकू नका. ज्याला अ‍ॅप जमतं त्याने खुशाल वापरावं, पण परीक्षेच्या धावपळीतही जी पद्धत टिकते तीच खरी.

माझ्या शेवटच्या पानावरची पहिली ओळ त्या सातशे रुपयांची होती. दोन हप्त्यांत फेडले आणि ती ओळ खोडली. खरं सांगतो, त्या रात्री शांत झोप लागली. बघा, येत्या 1 तारखेपासून तुम्हाला जमतंय का!