बांधीत हरवलेली किल्ली आणि पंधरा हजारांची पेटी

फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आले, तरी धानाच्या बांध्या अजून शिल्लक आहेत. पाऊस धरला आणि रोवणी लागली की आयुष्यभर कचेरीत खर्डेघाशी करून निवृत्त झालेली आपली माणसेही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरतात. आमचे एक स्नेही असेच उतरले. तासाभराने धुऱ्यावर आले तर खिशात गाडीची किल्ली नाही. रोवणीच्या चिखलात पडलेली किल्ली शोधणे म्हणजे काय, हे धानपट्ट्यातल्या वाचकाला सांगायला नको. दहा बाया, चार पोरे, अर्धा दिवस चिखल चाळला. किल्ली गेली ती गेलीच.

दुसरी किल्ली? ती कधी हातात आलीच नव्हती. गाडी जुनी घेतलेली. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली आणि ‘दुसरी घरी आहे, पाठवतो’ म्हणाला. आपल्या समाजात गेल्या काही वर्षांत चारचाक्या आल्या, त्यातल्या कितीतरी अशाच दुसऱ्या हाताच्या आणि एका किल्लीच्या आहेत.

त्यांनी गाडीच्या कंपनीच्या अधिकृत केंद्राला फोन लावला. कोणते केंद्र ते सांगण्याचे कारण नाही, उत्तर सगळीकडे एकच मिळते. गाडी उचलून आणा, कागदपत्रे द्या, पैसे आगाऊ भरा, किल्ली वरून मागवावी लागेल, दहा-बारा दिवस धरा. सांगितलेला आकडा ऐकून आमचे स्नेही धुऱ्यावरच बसले. शेवटी कोणीतरी एका चाबीवाल्याचा नंबर दिला. डोक्यावर पटका बांधलेला पंचविशीतला एक मुलगा मोटारसायकलवर पेटी बांधून आला. आल्याबरोबर म्हणाला, ‘काकाजी, पहले आरसी दाखवा, आणि तुमचं आधार.’ दोन्हींचे फोटो मोबाईलमध्ये घेतले, गाडीशेजारी काकाजींनाही उभे करून एक फोटो काढला आणि मग पेटी उघडली. दोन तासांत गाडी चालू झाली. केंद्राने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यातही हे काम बसले.

एवढीच गोष्ट असती तर संपादकीयात तिला जागा दिली नसती. पण त्या दोन तासांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

पूर्वी किल्ली म्हणजे निव्वळ धातू होती. चाबीवाला कोरी पट्टी कुलपात घालून दाबायचा, आतल्या पत्त्यांच्या खुणा तिच्यावर उमटायच्या, त्या खुणांवर कानस चालवायचा. डोळा आणि बोट यांचे काम. आजच्या बहुतेक गाड्यांत किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा जराशी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. आपण किल्ली फिरवतो तेव्हा त्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. गाडीच्या संगणकाला ओळख पटली तरच इंजिनाला इंधन मिळते. नुसती दात कापलेली किल्ली दार उघडेल, पण इंजिन धरणार नाही. चोरी आवरण्यासाठी युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली आणि यथावकाश आपल्याकडच्या गाड्यांतही आली.

म्हणून त्या मुलाला दोन कामे करावी लागली. आधी दाराच्या कुलपातून दातांचा नमुना काढून किल्ली कापली. मग स्टिअरिंगखालच्या जोडणीत यंत्राची वायर लावून गाडीच्या संगणकाला नव्या चिपची ओळख करून दिली. त्याआधी बॅटरी तपासली, कारण हे काम चालू असताना वीज खाली गेली तर संगणकच बिघडू शकतो आणि किल्लीपायी हजारोंचा फटका बसतो. चिखलात पडलेल्या जुन्या किल्लीची ओळखही त्याने गाडीच्या स्मरणातून पुसून टाकली. उद्या ती कोणाला सापडली तर दार उघडेल, गाडी चालू होणार नाही. हे सारे तो मुलगा दहावी नापास होऊन, बापाच्या आणि मोबाईलवरच्या व्हिडिओच्या जोरावर शिकलेला.

आणि नेमक्या याच वेळी आमच्या स्नेह्यांचे मेहुणे पुढे झाले. शिकलेले, चळवळीत वावरणारे, जयंतीला वर्गणी देणारे. मुलाला विचारले, ‘कोण लोक तुम्ही?’ मुलगा म्हणाला, ‘शिकलगार.’ मेहुण्यांनी स्नेह्यांना बाजूला घेतले. ‘भाऊजी, हे लोक कसे असतात माहीत आहे ना? याच्याजवळ आपल्या गाडीचा नमुना राहिला तर?’ मुलाने ऐकले. काही बोलला नाही. अशा वाक्यांची सवय असलेल्या माणसाची मान जशी खाली जाते तशी त्याची गेली, आणि तो कापलेल्या किल्लीची धार साफ करत बसला.

मेहुणेबुवांना आम्ही विचारतो: अधिकृत केंद्रात तुमच्या किल्लीचा नमुना राहत नाही काय? तिथल्या काचेच्या दारामागे बसलेल्या टाय घातलेल्या माणसाला तुम्ही ‘कोण लोक?’ म्हणून विचारले असते काय? आपल्यालाच हा प्रश्न किती पिढ्या विचारला गेला! भाड्याने खोली घेताना, विहिरीवर, नोकरीच्या पहिल्या दिवशी. तोच प्रश्न आज आपण चाबीवाल्याला विचारतो आहोत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, ती दरवर्षी आपण व्यासपीठावरून सांगतो. धुऱ्यावर ती आठवत नाही.

यंत्राचा गैरवापर होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. दिल्लीकडे गाड्या चोरणाऱ्या टोळ्यांकडून अशी यंत्रे पोलिसांनी पकडली आहेत. पण त्यावरचा उपाय त्या मुलाने स्वतःहून केला होता: आरसी पाहिली, ओळखपत्र पाहिले, फोटो ठेवला. संशय कामाच्या पद्धतीवर घ्यावा, जन्मावर नव्हे. जन्मावरून संशय घेण्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. त्याखाली पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींतली लेकरे पाळण्यातच गुन्हेगार ठरली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नाव बदलून नजर तीच राहिली. रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात या नजरेविषयी लिहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या, तेव्हाही ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाआडून विमुक्तांवर कसा अन्याय होतो हे बोलून दाखवले. हत्यारांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा कोणीही त्या नजरेतून सुटत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत रस्त्याकडेला चाव्या करणारे, विळे-कढया विकणारे शिकलगार शीख दिसतात. त्यांना विचारा, चोरी झाली की पोलीस प्रथम कोणाचे दार वाजवतात.

आता दुसरी बाजू, पैशाची. किल्लीच्या कामात एवढे अंतर का? कारण गाडीच्या संगणकाशी बोलायची साधने आणि संकेत कंपन्या आपल्या मुठीत ठेवतात. हे आमचे मत नाही, भारताच्या स्पर्धा आयोगाचा निर्णय आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीला होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध असलेले प्रकरण पुढे इतर कंपन्यांपर्यंत पोहोचले. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना न देता कंपन्या ग्राहकाला बांधून ठेवतात, असे म्हणत आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत दोष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. दरम्यान अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून कंपन्यांना ही माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना देणे भाग पाडले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या यादीत मोटारी होत्या, शेतीची यंत्रेही होती. २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल निघाले. कायदा निघाला नाही.

याचा भार कोणावर पडतो? पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला चार केंद्रे आहेत. गोंदियाच्या माणसाला नागपूर गाठावे लागते, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. गाडी टोचन करून न्यायची म्हटले तर किल्लीपेक्षा टोचन महाग. आणि त्या मुलाला तर दुहेरी मार. कंपनी त्याला साधन देत नाही, म्हणून तो बाजारातले परदेशी यंत्र घेतो, आणि ते यंत्र नव्या गाड्या ओळखत राहावे म्हणून वर्षाला पुन्हा पैसे भरतो.

तेव्हा सरकार म्हणेल, आमची योजना आहे ना! आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तेरा हजार कोटींची, अठरा व्यवसायांची. त्यात सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी यांच्याबरोबर कुलूप-किल्ली करणारेही आहेत. पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांच्या पेटीसाठी १५ हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. आता हिशेब करा. चिप लिहिणारे बरे यंत्र पंधरा हजारांत येत नाही. पंधरा हजारांत कानस येते, पकड येते, कोऱ्या पट्ट्या येतात. म्हणजे सरकारच्या लेखी कुलूप-किल्लीवाला अजून आजोबाच्या काळातच बसलेला आहे, आणि त्याने तिथेच बसावे अशी सोय केलेली आहे.

या योजनेतील ‘गुरू-शिष्य परंपरा’ आणि ‘कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय’ हे शब्द आंबेडकरी वाचकाच्या कानाला लगेच खटकतात. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले. बापाचा धंदा पोराने करावा हे सरकारने बक्षीस देऊन सांगितले तर ती विभागणी मोडणार कशी? तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला कळवले की कौटुंबिक धंद्याची अट काढा, वयाची किमान मर्यादा १८ ऐवजी ३५ करा, त्याशिवाय आम्ही ही योजना राबवणार नाही. अठराव्या वर्षी पोराने कॉलेजात असावे, आजोबाच्या ऐरणीवर नव्हे, असा त्यामागचा विचार. २०२५ मध्ये त्यांनी जातीची अट नसलेली आपली वेगळी योजना काढली. महाराष्ट्राच्या फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी असे पत्र लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

पण इथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. योजनेवर टीका केली आणि घरी गेलो, असे करून त्या मुलाचे पोट भरत नाही. त्याला यंत्र आज हवे आहे. ज्याने शिकून बाहेर पडायचे त्याला वाट हवी, आणि जो या कामात राहू पाहतो त्याला त्या कामाची आजची विद्या हवी. किल्ली करणे आता लोहाराच्या भात्याचे काम राहिलेले नाही, ते इलेक्ट्रॉनिक्स आहे. गोंदियाला शासकीय आयटीआय आहे. तिथे मोटार मेकॅनिक शिकवतात तर वाहनाच्या चावीचा आणि संगणकाचा लहान अभ्यासक्रम का शिकवू नये? कोणत्याही जातीच्या मुलाने, मुलीनेही, तो शिकावा. शिकलगाराच्या पोराने तिथे विद्यार्थी म्हणून जावे, आणि त्याच्या हातात आजच आहे त्या कौशल्यासाठी शिकवायलाही जावे. त्याला प्रमाणपत्र मिळाले तर ‘कोण लोक’ म्हणणाऱ्यासमोर निदान एक कागद तरी धरता येईल.

ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगून ठेवतो. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि एक नसली की दावा अडकवते. किल्ली हरवली तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा, नवी किल्ली केल्याची पावतीही ठेवा. जो चाबीवाला आरसी न पाहता काम सुरू करतो त्याच्याकडून करून घेऊ नका, आणि जो पाहतो त्याच्यावर रागावू नका. हरवलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसली का, हे विचारा. आणि किल्ली एकच असेल तर ती असतानाच दुसरी करून घ्या. हातात एक चालती किल्ली असली की काम सोपे असते आणि पैसेही बरेच कमी लागतात.

आमच्या स्नेह्यांनी मागाहून त्या मुलाला घरी बोलावून दुसरी किल्ली करून घेतली. मेहुणे त्या दिवशी तिथेच होते. चहा घेताना मुलाने सांगितले की विश्वकर्माचा अर्ज त्याने भरला आहे, पण राहण्याच्या दाखल्यावर घोडे अडले आहे. कुटुंब इथे येऊन वीस वर्षे झाली तरी मतदार यादीत निम्म्यांचीच नावे आहेत. मेहुणे तहसील कचेरीत नोकरीला होते. कोणता अर्ज, कोणत्या टेबलावर, सोबत काय जोडायचे, हे त्यांनी एका कागदावर लिहून दिले आणि सोमवारी अकरा वाजता कचेरीच्या दारात भेटायला सांगितले.