शत्रूला जरा डोकं द्या की हो!

परवा शनिवारी रात्री अडीच वाजता मी एका खलनायिकेसाठी रडलो. म्हणजे अगदी हुंदके वगैरे नाही, पण चष्मा काढून पुसावा लागला. मालिका कोरियन, भाषेचा ओ की ठो कळत नाही, काळ सातव्या शतकाच्या आसपासचा, आणि मरणारी बाई पन्नास भाग आपल्या नायिकेच्या जिवावर उठलेली. तरी घशात आवंढा! तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, तो आज बाहेर काढतो.

आमच्या टीममध्ये सगळे कोरियन मालिकांचे भक्त. श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, पाऊस आणि एकच छत्री. मला ते झेपत नाही. मी म्हटलं, राजे-रजवाडे, लढाया असलं काही असेल तर सांगा. एकीने 'क्वीन सोंदोक' सुचवली. 2009 साली एमबीसी या कोरियन वाहिनीवर लागलेली, 62 भागांची. (आम्हा वाकोलेकरांना सबटायटलवाली मालिका फार सोयीची. विमानतळ शेजारी. विमान डोक्यावरून गेलं की मराठी संवाद अर्धा गडप होतो. सबटायटल होत नाही!)

गोष्ट थोडक्यात अशी. कोरियात तेव्हा तीन राज्यं होती: गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला. तिघं एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यातल्या सिल्लाच्या गादीवर 632 साली पहिल्यांदाच एक बाई बसली, ती राणी सोंदोक. मालिकेत तिचं आधीचं नाव दोकमान. आणि तिच्या वाटेत उभी आहे मिशिल. दरबारातली सगळ्यात ताकदवान बाई.

आता ही मिशिल काय करते बघा. ती ओरडत नाही. खदाखदा हसत नाही. एक भुवई वर करते आणि समोरचा सरदार घामाघूम होतो. तिची खरी ताकद कशात आहे? पंचांगात! ग्रहण कधी लागणार, पाऊस कधी येणार, हे गणित तिने आपल्या ताब्यात ठेवलंय, आणि लोकांना सांगते की हे मला देव सांगतो. म्हणजे माहिती दाबून ठेवायची आणि तिचा चमत्कार करायचा. दोकमानला तिच्याशी लढायचं तर तलवार उपयोगाची नाही, तेच गणित शिकायला लागतं. मग ती ठरवते की ही विद्या सगळ्यांसाठी खुली करायची, एक वेधशाळा बांधायची. ती वेधशाळा ग्यॉंगजू शहरात आजही उभी आहे. चॉमसॉंगदे नावाचा, सुमारे 9 मीटर उंचीचा दगडी मनोरा.

पुढे एका ठिकाणी बडे सरदार धान्य विकत घेत सुटतात. भाव आधीच चढलेले, तरी घेतच सुटतात. का? तर छोटा शेतकरी कर्जात बुडावा, त्याची जमीन आपल्याकडे यावी. दोकमानला आधी कळतच नाही हा काय प्रकार आहे. कळल्यावर ती राज्याचं राखीव धान्य बाजारात ओतते आणि भाव पाडते. ऐतिहासिक मालिकेत धान्याच्या भावावरून असला ताण! मी उठून पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही.

आणि पन्नासावा भाग. (स्पॉयलर आहे, माफी. पण 2009 ची मालिका आहे, राव.) मिशिलचं बंड फसलंय, ती एका किल्ल्यात अडकलीय. बेक्जेच्या सीमेवरची एक फौज तिच्या मदतीला निघते. ती पोचली तर पारडं फिरू शकतं. पण ती हलली की सीमा उघडी, आणि बेक्जे आत. मिशिल त्या फौजेला परत पाठवते. जिंकण्याची शेवटची संधी स्वतःच्या हाताने सोडते. आणि विष घेते. दोकमान तिथे पोचते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विजय नसतो. ही बाई नसती तर आपण कुणीच झालो नसतो, हे तिला कळलेलं असतं.

इथे माझा चष्मा.

आता मुद्द्यावर येतो. मला आपल्या मराठी ऐतिहासिक मालिकांबद्दल बोलायचंय. मी त्या बघतो, लहानपणापासून बघत आलोय. अपवाद आहेत, काही नटांनी औरंगजेब फार ताकदीने उभा केलाय, ते मान्य. पण नेहमीचा साचा सांगा बघू? शत्रूचा प्रवेश झाला की हिरवट उजेड, काजळ फासलेले डोळे, हातात कोंबडीची तंगडी आणि तीन मिनिटं खदाखदा हसणं. मग तो एक महामूर्ख हुकूम सोडतो. त्याचा वजीर 'वाहवा हुजूर' म्हणतो. कट टू महाराज, भगवा उजेड, मंद स्मित. महाराजांना सगळं आधीच माहीत असतं. जाहिराती.

यात शत्रूचा अपमान होतो याचं मला फारसं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. यात महाराजांचा अपमान होतो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. जो कोड तोडायचा टेस्टरने कधी प्रयत्नच केला नाही, त्याला आम्ही भक्कम म्हणत नाही. गाढवाला हरवणाऱ्याचं कौतुक कसलं करायचं?

अफजलखानाचंच घ्या. हा माणूस वाईचा सुभेदार राहिलेला. जावळीचं रान काय चीज आहे हे त्याला पुण्या-मुंबईच्या आजच्या ट्रेकरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. येताना त्याने काय केलं? देशमुखांना पत्रं गेली: आमच्याकडे या, नाहीतर वतन जाईल. खंडोजी खोपडे फुटला. कान्होजी जेधे फुटले नाहीत. म्हणजे लढाईच्या आधीच महाराजांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायचा डाव होता, आणि डाव उत्तम होता. असा मुरलेला सरदार, ज्याला डोंगरात जायचं नाही हे पक्कं कळत होतं, तो 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी कसा काय येऊन उभा राहिला? महाराजांनी आणि त्यांचे वकील पंताजी गोपीनाथ यांनी त्याच्या मनात काय काय भरवलं? खरं नाट्य त्या वाटाघाटींत आहे! दहा भाग होतील नुसते त्याचे. आपण काय दाखवतो? वाघनखं. तीही स्लो मोशनमध्ये.

किंवा मिर्झाराजे जयसिंह. मार्च 1665 मध्ये पुण्यात आला आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तीन महिने फक्त! त्या तीन महिन्यांत त्याने जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, महाराजांवर राग धरून असलेले वतनदार, सगळ्यांशी संधान बांधलं. विजापूर महाराजांच्या मदतीला येणार नाही याची काळजी घेतली. दिलेरखानाला पुरंदरला चिकटवलं आणि आसपासचा मुलूख जाळत सुटला. महाराजांनी 23 किल्ले दिले, 12 ठेवले. हा आपला मिशिल! आणि दोन वर्षांत, 1667 मध्ये, विजापूरची मोहीम फसून, बादशहाच्या मर्जीतून उतरून हा माणूस बुऱ्हाणपुरात मेला. याच्यासाठी कुणी मराठी प्रेक्षकाला रडवून दाखवा, मी तुमच्या मालिकेचं आजन्म सबस्क्रिप्शन घेतो. कारण जयसिंहाचं डोकं दिसल्याशिवाय 23 किल्ले देऊन राज्य वाचवणं हा केवढा थंड डोक्याचा निर्णय होता, आणि 1670 मध्ये ते किल्ले परत घ्यायला सुरुवात करणं म्हणजे काय, हे कळणारच नाही.

गंमत म्हणजे मिशिल खरोखर होऊन गेली का, यावरच तिथल्या अभ्यासकांत वाद आहे. ज्या हस्तलिखितात तिचं नाव येतं तेच अस्सल की बनावट, यावर एकमत नाही. म्हणजे बघा, मोठी राणी दाखवायची म्हणून त्यांनी मोठी शत्रू जवळजवळ घडवली. आपल्याकडे अस्सल, कागदोपत्री, तारीखवार मोठे शत्रू पडलेत. आणि आपण कात्री घेऊन त्यांना लहान करत बसलोय.

आता तुम्ही म्हणाल, हा कोरियाला डोक्यावर घेऊन नाचतोय. त्यांच्या जखमा तेराशे वर्षांच्या, आपल्या साडेतीनशे वर्षांच्या आणि अजून ओल्या. बरोबर. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेत जे झालं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे निर्मात्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आणि कोरियन लोकही काही संत नाहीत. 2021 मध्ये 'जोसॉन एक्सॉर्सिस्ट' नावाची मालिका इतिहासाची मोडतोड केली म्हणून लोकांनी दोन भागांत बंद पाडली. राजाच्या काळातल्या पंगतीत चिनी पदार्थ दिसले यावरूनही बोंब झाली. म्हणजे भावना त्यांच्याही दुखावतात.

पण एक गोष्ट त्यांनी केलीय, ती बघा. ज्या एमबीसीने 2009 मध्ये सिल्लाच्या राणीवर मालिका केली, तिनेच 2006 मध्ये गोगुर्योच्या संस्थापकावर 'जुमोंग' केली होती. आणि 2011 मध्ये 'ग्येबेक', म्हणजे बेक्जेचा सेनापती. सिल्लाने 660 साली बेक्जे बुडवलं तेव्हा किम युशिनच्या फौजेशी लढताना जो पडला, तो. हा किम युशिन आधीच्या मालिकेत आपला लाडका नायक होता! वाहिनी एक, प्रेक्षक तेच, राज्यं तीन, आणि प्रत्येक राज्याला एकेक मालिका मिळाली. ज्याने 2009 मध्ये युशिनसाठी टाळ्या वाजवल्या त्याला 2011 मध्ये पलीकडच्या तटावर उभं राहून युशिनची फौज येताना बघावी लागली. माणसाला इतिहास कळण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

'टीआरपीचं काय?' क्वीन सोंदोकचं रेटिंग तिथे 40 टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, आणि एमबीसीचा त्या वर्षीचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार नायिकेला नाही, मिशिल करणाऱ्या को ह्यॉन-जंगला मिळाला. 'बजेटचं काय?' अहो, डोक्याला बजेट लागत नाही. मिशिलचे सगळ्यात भारी सीन म्हणजे एक खोली, दोन माणसं आणि चहा.

हे सगळं मला इतकं का लागलंय, तेही सांगतो. लहानपणी आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर मावळे-मावळे खेळायचो. पट्टीच्या तलवारी, टॉवेलचे शेले. आमच्यातला एक मित्र शेजारच्या बिल्डिंगमधला मुसलमान. त्याला तानाजी व्हायचं असायचं. पण दर वेळी तो खान. कुठलाही खान. आणि नुसतं मरून भागायचं नाही, आधी खदाखदा हसायचं, काहीतरी मूर्खासारखं बोलायचं आणि मग मरायचं. एक दिवस तो खेळायला आलाच नाही. कुणी विचारलंही नाही का ते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, महाराजांवर चालून आलेला जयसिंह रजपूत होता, अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर? निदान भूमिका तरी आळीपाळीने वाटल्या असत्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मलिक अंबरवर एक मालिका करा. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा सर्वेसर्वा होतो. 1610 मध्ये खडकी शहर वसवतो. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र धूळ चारतो. आणि त्याच्या बाजूने कोण लढत होतं? शहाजीराजे! त्यांचे सख्खे बंधू शरीफजी तिथेच पडले. बघा, एका मालिकेत बाजू कशा फिरतात ते.

जहांगीर बादशहाला हा मलिक अंबर जिवंतपणी कधीच संपवता आला नाही. मग त्याने काय केलं? चित्र काढून घेतलं. त्यात भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. चित्र आजही डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. जहांगीर 1627 मध्ये गेला. अंबर त्याच्या आधी वर्षभर, 1626 मध्ये, म्हातारा होऊन मेला.

चित्रात शत्रूला मारणं फार सोपं असतं हो. बादशहाने निदान ते एकदाच केलं. आपण रोज रात्री करतो, जाहिरातींसकट.

असो. तो गच्चीवरचा मित्र आता बीकेसीत नोकरीला आहे, पुढच्या शनिवारी घरी येतोय. त्याला पहिल्या भागापासून बसवणार आहे. माझे स्वतःचे अजून बारा भाग बाकी आहेत आणि उद्या सकाळी रिलीज आहे. मिशिलशिवाय ते बारा भाग कसे जाणार, कोण जाणे.