गरिबीला जात नसते म्हणे!



'गरिबीला जात नसते' हे वाक्य हल्ली आपल्या पोरांच्या तोंडीही ऐकतो. डोकं सणकतं. म्हणून हा कागद काळा करतोय.

मी सूतगिरणीत साच्यावर उभा असतो. शाळा दहावीत सुटली. वाचायला लागलो ते पाळी सुटल्यावर. गरिबीवरची पुस्तकं वाचली, कथासंग्रहही वाचले. आता दोन्ही शेजारी ठेवून बोलतो.

दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं. माणसाच्या पोटात दिवसाला २२५० कॅलरी जातात का, यावर गरिबीची रेघ मारली. भुकेचा हिशेब कुणीतरी मांडायलाच हवा होता, ते नाकारत नाही. पण रेघेखालचा माणूस कोण? त्याचं घर गावाच्या कुठल्या बाजूला? त्याला पाणी कोण वरून ओततं? कॅलरीला हे कळत नाही.

पांढरपेशा कथेतला गरीब दारात येतो, हात पसरून. लेखकाचा गळा दाटतो, कथा संपते. गरिबाला साधं आडनावही नसतं. आडनाव दिलं तर जात कळेल ना!

आता बाबुराव बागूल काढा. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. त्या शीर्षककथेतला माणूस उपाशी नाही. रेल्वेत नोकरी आहे, पगार आहे. कॅलरीच्या हिशेबात त्याचं काही दुखत नाही. तरी जात कळताच तुडवला जातो. बागुलांच्या कथा अंगावर येतात, अशी तक्रार करतात. अंगावर कोण आलं होतं, ते आधी बघा की!

आणि पगार तरी जातीबाहेर होता काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला मजुरी जास्त. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला खातंच बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. थुंकीच्या विटाळानं पगार ठरत होता. आधी जात, मग गरिबी!

हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. २०११ साली नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात सांगितलं की शहरात माणशी रोज ३२ रुपयांवर खर्च करणारा गरीब नाही. २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा. मर्यादा कुटुंबाला वर्षाला ८ लाख, म्हणजे रोजचे दोन हजारांवर. ३२ वाला गरीब नाही, दोन हजारवाला दुर्बल! आणि त्या १० टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातींचा, ओबीसींचा गरीब बसतच नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी हे कायम केलं. गरिबीला जात नसते म्हणणाऱ्यांनी गरिबांच्या रांगेतून जात बघूनच माणसं बाहेर काढली.

तेव्हा अभ्यासवर्गात नुसती कथा वाचून पेटू नका, नुसते आकडे घोकून थंडही होऊ नका. दोन्ही वाचा. आणि आपल्या वस्तीची वही आपणच करा. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या कामावर, पगार किती, कंत्राटी की कायम, गटारात कोण उतरतो. दारोदार जाऊन लिहा. पुढच्या खेपेला कुणी ते वाक्य टाकलं, तर ती वही त्याच्यापुढं उघडा.

जयभीम!