गाव सोडलं आई-बाबांनी, फेड मार्कांनी: अकोला-अमरावतीत शिकायला आलेल्या मुलांच्या टेन्शनमागे काय आहे?

नीटचा निकाल लागला की दोन-तीन दिवस इन्स्टाग्रामवर एकाच साच्यातली रील्स फिरतात. मातीचं घर, कपाळाला गुलाल लावलेला मुलगा, पदराने डोळे पुसणारी आई आणि मागे ढोल. कॅप्शनही ठरलेलं: मजुराचा मुलगा होणार डॉक्टर. तुम्ही लाइक केलं असेल, मीही करते. त्या आनंदात खोटं काही नसतं.

पण २०२५ साली नीट-यूजी देणारे होते सुमारे २२ लाख आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे सतरा-अठरा जण. सरकारी कॉलेजच्या जागा त्यातल्या साधारण निम्म्या. रीलमध्ये दिसतो तो एक मुलगा. उरलेले सोळा-सतरा रूमवर परत जातात आणि घरून फोन येतो: "बाबू, कसं झालं?"

या मुलांपैकी ज्यांच्यासाठी घरच्यांनी गाव सोडलं किंवा निम्मं घर शहरात हलवलं, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

गाव का सुटतं?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेकडो गावं त्यात येतात. इथे विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. ते पिकाला देता येत नाही आणि पिणं शरीराला बाधतं. त्यामुळे बरीच शेती पावसाच्या भरवशावर. कपाशी, तूर, सोयाबीन, आणि जमिनीत ओल टिकली तर हरभरा.

दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यातलं एखादं पाच एकरांचं घर डोळ्यासमोर आणा. सगळ्या वावरात सोयाबीन पेरलं आणि एकरी साडेपाच क्विंटल पिकलं, तर होतात सत्तावीस-अठ्ठावीस क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पूर्ण मिळाला असं धरलं तरी वर्षाचे साधारण दीड लाख होतात, आणि त्यातून बियाणं, फवारणी, मजुरी, मळणी वजा करायची आहे. बाजारात बऱ्याचदा हमीभावही मिळत नाही. अशा घरात दहावीला चांगले मार्क मिळालेलं पोरगं असेल, तर सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. हिला अकोल्याला पाठवायचं.

अकोला आता पश्चिम विदर्भातलं क्लासचं मोठं केंद्र आहे. तोष्णीवाल लेआउट, जठारपेठ या भागांत फिरलात तर पाठीवर सॅक अडकवलेली मुलं, मेसचे बोर्ड आणि 'मुलींसाठी रूम मिळेल' अशा पाट्या दिसतात. अमरावतीत गाडगेनगरकडे असंच चित्र. काही मुलं एकटी राहतात. काहींची आई सोबत येते, एका खोलीत गॅस मांडते, आणि बाबा गावी एकटे हाताने भाकरी थापतात. काही कुटुंबं पूर्णच निघतात. बाबा ऑटो चालवतात, डाळ मिलमध्ये नाहीतर एखाद्या अपार्टमेंटच्या गेटवर कामाला लागतात. शेत बटईने दिलेलं किंवा विकलेलं.

'इमिग्रंट बार्गेन' म्हणजे काय?

दुसऱ्या देशात गेलेल्या कुटुंबांच्या मुलांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. रॉबर्ट कोर्टनी स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मेक्सिकन कुटुंबांवरच्या २००६ च्या पुस्तकात 'इमिग्रंट बार्गेन' हा शब्द वापरला. बार्गेन म्हणजे इथे न बोलता ठरलेला सौदा. आई-बापाने गाव, भाषा, माणसं, मान सोडून जे सोसलं, ते वाया गेलं नाही हे मुलांनी शिकून, यशस्वी होऊन दाखवायचं.

तेल्हारा ते अकोला हे अंतर मेक्सिको ते न्यूयॉर्कसमोर काहीच नाही. पासपोर्ट लागत नाही, दिवाळीला घरी जाता येतं. तरी सौदा तोच आहे. आपल्याकडे तो वऱ्हाडीत होतो: "आमचं तं जमलं नाई, तुह्यं तरी होऊ दे. तू फकत शिक, बाकी आमी पायतो."

या वाक्यात धमकी नाही, आणि गोची तिथेच आहे. मुलांच्या मानसिक ताणाचा विषय निघाला की आपण लगेच रागावणारे, मारणारे, शेजारच्याशी तुलना करणारे पालक डोळ्यासमोर आणतो. तसे पालक आहेतच. पण रागावणाऱ्या बापाशी भांडता येतं, त्याच्यावर चिडून फोन आपटता येतो. जो बाप काहीच म्हणत नाही, फक्त दर महिन्याला पैसे पाठवतो आणि "जेवली का?" विचारतो, त्याच्याशी कसं भांडणार? टेस्टमध्ये मार्क पडले की या मुलांना भीतीपेक्षा अपराधी जास्त वाटतं. मग "पेपर कसा गेला?" याचं उत्तर एकच उरतं, "चांगला गेला." हळूहळू खरं बोलायला घरात जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशातल्या स्थलांतरितांच्या मुलांसारखीच इथेही होते. तिथे मुलं आई-बाबांचे दुभाषे असतात, बँकेत आणि दवाखान्यात तीच बोलतात. इथे भाषा मराठीच आहे, पण सीईटी सेलचा फॉर्म, कॅप राउंड, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचं पोर्टल हे सगळं घरात फक्त त्या सतरा वर्षांच्या मुलीला कळतं. ऑप्शन भरताना चूक झाली तर तिला सावरणारं घरी कोणी नाही. मोठ्यांचं काम ती करते, आणि मोठ्यांसारखं "मी थकले" म्हणायची सोय मात्र तिला नाही.

हे सगळं क्लासवाल्यांनी निर्माण केलं असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणं ही वऱ्हाडात शरमेची नाही, अभिमानाची गोष्ट आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनातून तेच सांगत फिरले: घरातलं विका, साधं खा, साधं नेसा, पण पोरांना शिकवा. पंजाबराव देशमुखांनी १९३० च्या दशकात अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची दारं उघडली. या परंपरेने वऱ्हाडाला खूप दिलं. फरक एवढाच, की तेव्हा शिकणं म्हणजे शिकणं होतं. मास्तर, वकील, कृषी सहायक, काहीही झालं तरी घर वर यायचं. आता तो सगळा त्याग एका दुपारच्या १८० प्रश्नांवर आणि ७२० मार्कांवर येऊन थांबला आहे. त्यात बसलं नाही की "ड्रॉप" घ्यायचा, म्हणजे अजून एक वर्ष, अजून एक कर्ज.

आकडे काय सांगतात?

एनसीआरबीच्या २०२३ च्या अहवालात देशभरात १३,८९२ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांत महाराष्ट्र पहिला. आत्महत्येला एकच कारण क्वचितच असतं, त्यामुळे "नापास झाला म्हणून" अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका. शिवाय एनसीआरबी विद्यार्थी मोजते, तो कुठून आला आणि कुणाच्या खोलीत राहत होता हे मोजत नाही. आणि जी मुलं रोज क्लासला जातात, पण झोपत नाहीत, जेवत नाहीत, बोलत नाहीत, ती तर कुठल्याच तक्त्यात नसतात.

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलंय?

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला. तिच्या वडिलांच्या याचिकेवर २५ जुलै २०२५ ला न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, होस्टेल सगळ्यांना बंधनकारक आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून बॅच वेगळ्या करायच्या नाहीत. चारचौघांत अपमान करायचा नाही. हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावायचे. पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे.

बॅचचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. 'टॉपर बॅच'मधून खाली काढलं जाणं हे आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही.

पण एक फट आहे. अनेक मुलांचं अकरावी-बारावीचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि दिवस जातो क्लासमध्ये. कॉलेज म्हणतं, मुलगा आमच्याकडे बसत नाही. क्लास म्हणतो, आम्ही फक्त शिकवतो. रूममालकाला भाड्याशी मतलब. आणि समजा समुपदेशक नेमला, तरी तो बोलणार एकट्या मुलाशी. सौदा झालाय तो घरात. पालकांच्या कार्यक्रमाची सूचना म्हणूनच मला सगळ्यात कामाची वाटते, आणि तीच कागदावर राहील अशी भीतीही वाटते. पेरणीच्या दिवसांत दर्यापूरहून कोण येणार सेमिनारला?

मग घरापर्यंत जायचं कसं?

याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातच सापडतं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर इथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. नावातच 'स्ट्रेस' होता, आजार नव्हता, आणि ते हुशारीचं होतं, कारण गावात "टेन्शन आहे" असं कोणीही म्हणतं, "डिप्रेशन आहे" म्हणायला जीभ अडते. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते आधी घरी जाऊन बोलायचे. गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्यातल्या थोड्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे.

डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त मांडला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. हा अभ्यास गावातल्या प्रौढांचा होता, क्लासच्या मुलांचा नव्हता, आणि तुलनेसाठी उपक्रम नसलेली गावं त्यात नव्हती. त्यामुळे जादू झाली असं कुणी म्हणू नये. तरी एक गोष्ट त्यातून दिसते: मदत दारापर्यंत आली तर वऱ्हाडातली माणसं बोलतात. आशाताई आजही त्याच घरी जातात जिथला मुलगा अकोल्यात रूम करून राहतो. त्यांना या विषयाचं थोडं प्रशिक्षण दिलं, तर निकालाच्या आधी त्या आई-बाबांशी बोलणं अशक्य नाही.

बोलायचं काय, तर फार मोठं काही नाही. पैशांचा हिशोब मुलाला खरा सांगा, पण एकदाच. प्रत्येक फोनवर नको. परीक्षेच्या आधीच दुसरा रस्ता ठरवा: बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी, कृषी, काहीही. "नाही झालं तर काय?" हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला गेला की तो रात्री दोन वाजता रूमवर एकट्याला छळत नाही. आणि मुलांनो, घरी सांगता येत नसेल तर आधी मोठ्या बहिणीला, मामाला, रूममेटला सांगा. रूममेट बरेच दिवस गप्प असेल, सामान वाटून टाकत असेल, "माझ्यामुळे घरच्यांचं वाटोळं झालं" असं म्हणत असेल, तर त्याला सरळ विचारा, जिवाचं काही करून घ्यायचे विचार येतात का. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मोठ्या माणसाला बोलवा.

अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात आणि अमरावतीत इर्विनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली-मानसचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आई-बाबाही लावू शकतात, "पोरगं फोनवर नीट बोलत नाही, काय करू?" एवढं विचारायलासुद्धा.