वाजंत्र्यांचे दोन बुडालेले हंगाम

तुळशीचे लग्न लागले की बुलढाणा जिल्ह्यात वाजंत्र्यांचे वर्ष सुरू होते आणि आषाढ लागला की ते संपते. त्यातही खरी कमाई चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांची. शेताची कामे थांबलेली, सोयाबीन-कापसाचा पैसा घरात आलेला आणि मुहूर्त दाट, असा तो काळ. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, त्या जागच्या जागी रद्द झाल्या. इकडे मार्चअखेरीसच बुलढाण्यात कोरोनाचा पहिला बळी गेला आणि जिल्ह्याचे नाव राज्यभर भीतीने घेतले जाऊ लागले. पुढे महाराष्ट्रातील सर्व निर्बंध उठले तेही पाडव्यालाच, २ एप्रिल २०२२ रोजी. या दोन पाडव्यांच्या दरम्यान वाजंत्र्यांचे दोन संपूर्ण हंगाम बुडाले. शेतकऱ्याची दोन पिके लागोपाठ बुडाली तर पंचनामा होतो, आणेवारी निघते, निदान मोर्चा तरी निघतो. वाजंत्र्यांच्या बाबतीत यातले काहीही घडले नाही.

जमाव रोखणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. फुंकून वाजवायचे वाद्य तोंडावर मुखपट्टी बांधून वाजत नाही आणि संसर्ग श्वासावाटे पसरत होता, हे क्लॅरिनेटवाल्यालाही कळत होते. प्रश्न आहे तो बंदीची किंमत कोणी सोसली हा. १८९७ च्या साथरोग कायद्याने शासनाला रोजगार थांबविण्याचा अधिकार दिला. थांबविलेल्या रोजगाराची भरपाई करण्याचे बंधन मात्र घातले नाही. ब्रिटिशांनी प्लेगच्या दिवसांत केलेल्या कायद्याकडून तशी अपेक्षाही करता येत नाही. परंतु स्वतंत्र भारताच्या शासनाने तो एकशे तेवीस वर्षांनी वापरताना त्यातली ही उणीव जशीच्या तशी ठेवावी, हे समर्थनीय नाही.

आदेशांचा तपशील पाहिला की त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे वाजंत्री नव्हताच, हे ध्यानात येते. २०२० च्या उन्हाळ्यात लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली. २०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात साथ पुन्हा उसळली. त्या एप्रिलच्या आदेशाने लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकावे, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड, असे ठरले. साधे बँडपथक अठरा-वीस जणांचे असते. पथक आणले तर वधूवरांना धरून पाच-सात माणसे उरतात. मग मामा, आत्या आणि भटजी यांपैकी कोणाला वगळायचे? अर्थात वाजंत्र्यालाच. त्याला बंदी असे कोठेही लिहिलेले नव्हते. आकडाच असा घातला गेला की तो आपोआप वगळला जावा.

या जिल्ह्यात संगीतावर जगणारी माणसे कोण आहेत, हे कार्यकर्त्यांनी एकदा नीट पाहावे. सभागृहात तिकीट लावून गाणारे कलावंत येथे अगदी थोडे. येथले संगीत रस्त्यावरचे, मांडवातले आणि यात्रेतले. जानेवारीत १२ तारखेला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा व तेथे जमणारे कव्वाल, एप्रिलभर चिखली-मेहकरपासून मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम, आश्विनात देऊळगावराजाच्या बालाजीचा उत्सव, कोजागिरीपासून खामगावला जगदंबेचा उत्सव, शेगावच्या दिंडीतले टाळकरी-मृदंगी आणि या सर्वांच्या मध्ये लग्ने. हलगी-डफडे वाजविणारा बहुधा मातंग, बँडमध्ये त्याच्याच शेजारी मुसलमान क्लॅरिनेटवाला, गोंधळ घालणारा गोंधळी, भीमगीते गाणारा बौद्ध तरुण. म्हणजे ज्यांच्या नावे सामाजिक न्यायाची भाषणे होतात, तीच माणसे. ती नसली तर वरात मुकी राहते आणि ती आली की जेवायला शेवटच्या पंगतीला बसतात.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावच्या वाजंत्र्याला सुगीच्या वेळी धान्य मिळे. ते जातीच्या अपमानासह मिळे आणि ती व्यवस्था मोडली हे उत्तमच झाले. तिच्यासाठी उसासे टाकणाऱ्यांनी एकदा तिच्या तळाशी उभे राहून पाहावे. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बलुते हे वर्षाचे असे. गावात एखाद्या वर्षी लग्ने कमी झाली म्हणून खळ्यावरचा वाटा नाहीसा होत नसे. बाजाराने वाजंत्र्याला सुपारीवर आणले. त्याला सन्मान थोडा अधिक मिळाला, रोख पैसा मिळाला, पण वर्षाचा हक्क गेला. त्याच्या जागी आली उचल. दसरा-दिवाळीला पथकाचा मालक वादकाला एकरकमी पैसे देतो आणि हंगामभर वाजवून ते फेडून घेतो. ऊसतोडणी मजुराची उचल सर्वांना ठाऊक आहे, वाजंत्र्याची फारशी ठाऊक नाही. २०१९ च्या दिवाळीला घेतलेली उचल २०२० च्या उन्हाळ्यात फिटणार होती. ती फिटली नाही. रिझर्व्ह बँकेने त्या मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत बँका व वित्तसंस्थांच्या कर्जदारांना हप्ते लांबविण्याची सवलत दिली; उचलीला अशी सवलत देणारे कोणी नव्हते. मालकालाही दोष देऊन भागत नाही, कारण तोही गणवेश, गाडी आणि पितळी वाद्ये यांच्यासाठी कर्ज काढून बसलेला असतो. कर्ज वरून खाली उतरत गेले आणि तळाच्या माणसापाशी येऊन थांबले.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगात्म कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात यंत्राने एका कामगाराचे उत्पादन वाढते, तसे वादकाचे वाढत नाही. चार माणसांचे वादन दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ आणि जितके हात मागत होते, तितकेच आजही मागते. म्हणून इतर ठिकाणी मजुरी वाढत गेली की जिवंत संगीत तुलनेने महाग होत जाते. बुलढाण्याच्या लग्नाला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो, फक्त येथे त्याचा चेहरा डीजेचा आहे. एक मालमोटार, ध्वनिवर्धकांची भिंत आणि दोन माणसे एवढ्यात वीस वादकांचे काम उरकते.

डीजे साथीच्या आधीपासूनच वाढत होता, हे खरे. साथीने दोहोंच्या स्पर्धेत जे केले ते निराळे आहे. डीजेची यंत्रे दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिली. हप्ते थकले असतील, पण धूळ झटकून तार जोडली की ती पहिल्यासारखीच वाजू लागली. माणसाचे तसे नसते. क्लॅरिनेटवाल्याच्या ओठांची बैठक आणि छातीतला दम रोजच्या सरावावर टिकतो. हलगीचे कातडे एक वेळ शेकून ताणता येते, दोन वर्षे वीटभट्टीवर काम केलेली बोटे तशी ताणता येत नाहीत. शिवाय वादकाला बेकारीतही रोज भाकरी लागते, यंत्राला लागत नाही. कौशल्य हे गरिबाचे भांडवल आहे, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. ते साठवून ठेवता येत नाही, एवढे सांगायचे मात्र बहुधा विसरतात. टाळेबंदी दोहोंना सारखीच होती, पण ती उठली तेव्हा भांडवल होते तेथेच उभे होते आणि श्रम मात्र मागे पडले होते.

एवढे असूनही २०२२ च्या एप्रिलमध्ये उत्साह खरा होता. निर्बंध उठल्यानंतर बाराव्या दिवशी आंबेडकर जयंती आली. दोन जयंत्या घरात साजऱ्या केलेली माणसे रस्त्यावर उतरली आणि भीमगीतांना तोटा राहिला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वामनदादा कर्डकांची जन्मशताब्दी होती, त्यानिमित्तही गायकांना बोलावणी आली. दोन वर्षे न निघालेली शेगावची पायी वारी जूनमध्ये पंढरीकडे निघाली. लांबलेली लग्ने एकदम उरकली गेली. वाजंत्र्यांना वाटले, आता मागचे फिटेल. आशा बाळगण्यास त्यांच्यापाशी कारण होते: माणसांना पुन्हा एकत्र यायचे होते आणि एकत्र येण्याला या मुलखात वाद्य लागते.

शंका नंतर आल्या आणि त्याही रास्त होत्या. साथीच्या काळात अनेक कुटुंबांना पन्नास माणसांत, दारासमोर, बिनवाजंत्र्यांचे लग्न करता येते हे कळले. खर्च टळला तर ते समाजाच्या हिताचेच आहे. हुंडा आणि बडेजाव यांच्याविरुद्ध समाजवादी मंडळींनी जन्मभर प्रचार केला आहे. परंतु प्रत्यक्षात काटकसर झाली ती वाजंत्र्यांवर. लॉन, मंडप, छायाचित्रे आणि डीजे यांवरचा खर्च पूर्ववत झाला. दुसरी गोष्ट सोयाबीनची. या जिल्ह्यातला वाजंत्री शेतकऱ्याच्या घरच्या लग्नावर जगतो आणि शेतकरी सोयाबीनच्या भावावर. २०२१ मध्ये सोयाबीन चढ्या भावाने विकले गेले. पुढे भाव उतरत गेले आणि २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल विकावा लागला. हमीभाव बुडाला की त्यात शेतकऱ्याबरोबर कोणकोण बुडते, याची यादी करताना सनईवाल्याचे नाव कोणी घेत नाही. तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. नवी मुले क्लॅरिनेट शिकायला तयार नाहीत. शिकायला वर्षे लागतात आणि एका आदेशाने सगळे थांबते, हे त्यांनी बापाच्या बाबतीत पाहिले आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ मध्ये राज्यातील ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकरकमी देण्याचा निर्णय झाला. म्हणजे २८ कोटी रुपये. चोवीस महिन्यांवर ही रक्कम पसरली तर महिन्याला २०८ रुपये, दिवसाला सात रुपयेही नाहीत. तेही मिळविण्यासाठी पंधरा वर्षे कलेच्या क्षेत्रात असल्याचा पुरावा हवा. ज्याचे नाव कधी पत्रिकेत छापले जात नाही आणि छायाचित्रात ज्याची फक्त टोपी दिसते, त्या ढोलवाल्याने हा पुरावा कोठून आणावा? वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ पासून सरसकट महिना ५ हजार झाले, हे स्वागतार्ह आहे. जिल्हा स्तरावरच्या कलावंताला आधी २,२५० रुपयेच मिळत. पण ते पन्नाशीनंतरचे आणि निवडक माणसांचे. तिशीतल्या वादकाला ते लागू नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या अण्णाभाऊ साठे महामंडळाचे कर्ज वाद्य घेण्यास उपयोगी पडेल, वाद्य बंद असताना चूल पेटविण्यास नाही.

मूळ दोष असा की शासन वाजंत्र्याकडे कलावंत म्हणून पाहते आणि म्हणून त्याला अनुदान देते. तो श्रमिक आहे असे मानले तर त्याला हक्क द्यावा लागेल. याचे दोन आधार महाराष्ट्राच्या कायद्यांतच आहेत. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने, काम मागणाऱ्याला काम देता आले नाही तर बेकारभत्ता देण्याचे तत्त्व मान्य केले आणि त्यासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसायकर घेतला. काम देता न आल्यास भत्ता, तर चालू काम स्वतः आदेश काढून बंद केल्यास काय? उत्तर अवघड नाही. साथ, दुष्काळ वा अन्य कारणाने शासनाने सार्वजनिक वादन थांबविले तर नोंदणीकृत वादकाला त्या दिवसांची किमान मजुरी मिळाली पाहिजे.

दुसरा आधार १९६९ च्या माथाडी कायद्याचा. रोज निराळ्या दुकानात ओझे उचलणाऱ्या हमालाला एक मालक नव्हता. तरीही मंडळ स्थापून, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन, त्याला भविष्यनिधी आणि रजा मिळवून देता आली. माथाडी मंडळांत आज जे दोष शिरले आहेत ते उघड आहेत, पण तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. वाजंत्र्याचा मालक दर दिवशी बदलतो. मंगल कार्यालय, लॉन आणि मिरवणुकीचा पोलीस परवाना हे मात्र बदलत नाहीत. लेव्ही तेथे बसविता येईल आणि डीजेच्या परवान्यावर ती अधिक असावी. लग्नाच्या नोंदणीवरच कर बसवावा ही सूचना मात्र टाकाऊ आहे. तिचा भार दारात मांडव घालणाऱ्या मजुरावरही सारखाच पडेल.

आता चळवळीविषयी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्र पालथा घातला आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा तर शाहिरांच्या डफावर उभा राहिला. हा वारसा प्रत्येक शिबिरात सांगितला जातो. अण्णाभाऊंची जन्मशताब्दी १ ऑगस्ट २०२० रोजी आली, ऐन टाळेबंदीत. व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर झाली, ठराव झाले. ज्यांच्यासाठी अण्णाभाऊंनी लेखणी उचलली त्या समाजातले वाजंत्री तेव्हा रोजगार हमीच्या कामावर किंवा घरी होते, आणि त्यांची साधी यादी करण्याचे काम कोणत्याही डाव्या वा समाजवादी पक्षाने मनावर घेतले असे दिसले नाही. मेळाव्याला हलगीपथक बोलावताना ‘चळवळीचे काम आहे’ असे सांगून बिदागी निम्मी करायची आणि मंडपवाल्याचे बिल मात्र पूर्ण द्यायचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती बंद करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

यादीचे काम तालुकावार करता येईल. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि प्रत्येक बाजारपेठेच्या गावी बँडवाल्यांची एखादी ओळ असतेच. तेथे चार दिवस बसले तर वादकाचे नाव, वाद्य, गाव, हंगामातले कामाचे दिवस आणि डोक्यावरची उचल एवढे लिहून घेता येते. ई-श्रमची नोंदणी तेथेच करून घ्यावी. हे काम दसऱ्याच्या आत व्हावयास हवे. दसऱ्यापासून उचल वाटली जाऊ लागते आणि उचल घेतलेला वादक मालकासमोर आपला आकडा सांगत नाही.