रस्ते चकचकीत, नळ रामभरोसे

इंदूरकर मराठी बंधुभगिनींनो,

२०१७ पासून सलग आठ वेळा आपले शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरले. आपणही ते अभिमानाने मिरवले. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात, भागीरथपुऱ्यात, नळाच्या पाण्यात मैला मिसळला. शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली. घाण पाण्याची तक्रार रहिवासी आधीपासून करीत होते. ऐकले कोणी?

नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूर, पंपांनी घाट चढवून येते. शुद्ध केलेले हे पाणी गल्लीत येऊन का नासते? कारण साधे आहे. नळ गेला की पाइपातला दाब संपतो आणि शेजारच्या फुटक्या गटाराचे पाणी भेगांतून आत शिरते. नळाला थेट मोटर लावून आपणही या पापात भर घालतो.

‘आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तर नव्हे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी तो नाही.

भारतीय मानक १०५०० सांगते : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये आणि ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. म्हणून आपली मागणी एकच. प्रत्येक वार्डातील शेवटच्या नळाचे पाणी दर आठवड्याला तपासा आणि निकाल झोन कार्यालयाच्या फळ्यावर लावा.

पार्षद मत मागायला आले की आधी हा कागद मागा. होळकरांच्या काळापासून आपण इथले आहोत. पाहुण्यासारखे गप्प बसणे आता पुरे!