पाना सगळ्यांकडे, पंप कुणाकडे?

सुट्टीत एका साइटवर ट्रेनिंगला गेलो. वाटलं, आपण इंजिनिअर, हातात ड्रॉइंग असलं की झालं! पहिल्याच दिवशी प्लंबरकाकांनी विचारलं, "इंजिनिअरसाहेब, कपलिंग आणि युनियनमध्ये फरक काय?" मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं, "जोडतात दोन्ही. पण युनियन पाइप न कापता सोडवता येतं."

कॉन्ट्रॅक्टरच्या पेटीत पाइप रेंच, आटे पाडायची डाय, टेफ्लॉन टेप, क्रिम्पिंग टूल सगळं होतं. नव्हता फक्त प्रेशर टेस्टचा पंप. "टाइम नाही" म्हणून टेस्ट न करताच भिंत बुजवली, टाइल्स लागल्या. आठवड्यात सांध्यांतून पाणी! एका एल्बोसाठी अख्खी भिंत फोडली आणि पैसे कापले काकांच्या मजुरीतून.

म्हणून माझं स्पष्ट मत: जोडायच्या हत्यारांइतकीच तपासायची हत्यारंही आवश्यक आहेत. प्लंबिंगला हातपंप: लाइन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर ठेवायची, गेजचा काटा उतरतो का ते बघायचं. वायरिंगला मेगर: 500 व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन किमान 1 मेगाओहम हवं. एसीच्या कॉपर पाइपला आधी नायट्रोजन टेस्ट, मग व्हॅक्यूम पंप. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद, हा भरवसा तर जिवावर बेतू शकतो.

मित्रांनो, उद्या कामावर सही आपलीच असणार. "टेस्टशिवाय प्लास्टर नाही" एवढं म्हणायची हिंमत ठेवू या. नाहीतर घाई आपली आणि मजुरी काकांची!